कुणाला अननोन?

कापड कुठलंही असो, मावशी आधी ते उलटं करायच्या. साडीचा पदर, टेबलावरचं कव्हर, माझ्या जॅकेटचं अस्तर, काहीही. मागची बाजू बघायची, शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचं, "कुणी केलं?" मॉलमधून आणलंय असं सांगितलं तर म्हणायच्या, "मॉलवाल्याने शिवलं होय?"

आमची ओळखही अशीच झाली. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये मी ड्रायरमधून चादर काढत होते, आणि एका अनोळखी बाईंनी तिचं दुसरं टोक धरून उलटं केलं. टाके बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मग म्हणाल्या, "मी निखिलची आई. वरच्या मजल्यावर." दोन हजार दोनचा हिवाळा होता, मी वूस्टरच्या एका लॅबमध्ये रिसर्च करत होते आणि मराठी ऐकूनच मला बरं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले. बिल्डिंगमधले सगळेच म्हणायचे.

मावशी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या, हाताने. आईकडून शिकल्या होत्या. "लग्नाआधीच दहा झाल्या होत्या माझ्या," असं त्या मला मशीनचं चक्र संपेपर्यंत सांगत बसायच्या. अमेरिकेत येताना बॅगेत कपडे कमी आणि चिंध्या जास्त आणल्या होत्या म्हणे.

दोन हजार पाचमध्ये निखिलला कंपनीने चार महिन्यांसाठी कोरियात, सोलला पाठवलं. बायको, मुलगी रिया आणि आई, सगळ्यांना घेऊन तो गेला. परत आल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पंधरा-वीस माणसं होती. तुम्ही अशा जेवणांना गेला असाल तर पहिला प्रश्न काय आला असेल ते सांगायला नको. व्हेज मिळालं का? मग भात कसला असतो? किमची म्हणजे आपलं लोणचंच ना? ती पंगत आठवली की आजही माझं डोकं फिरतं. एक अख्खा देश बघून आलेली बाई समोर बसली होती, आणि आम्हाला तिच्या ताटात काय होतं तेवढंच हवं होतं. 'आम्हाला' म्हणते, कारण व्हेजचं मीच विचारलं होतं.

मावशींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चार महिने काय मी नुसती जेवत होते?"

आणि त्याच रागात त्यांनी सांगायला सुरुवात केली. राजवाडा पाहिला होता. हा भाग अमक्या राजाने बांधला, मग शत्रूने पाडला, मग तमक्या राजाने पुन्हा बांधला, असं गाइड सांगत होती. मावशी मात्र छपराखालची हिरवी-लाल नक्षी बघत मान वर करून उभ्या होत्या. "रियाला म्हटलं, विचार गं तिला, हे रंगवलं कुणी? तर म्हणे, राजाने. राजा काय शिडीवर चढला होता?"

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत.

मग म्युझियम. तिथे एका खोलीत बोचकं बांधायचे, जेवण झाकायचे रुमाल लावले होते. चिंध्या जोडून केलेले, अगदी आपल्या गोधडीसारखे, पण एकपदरी. "उजेडात धरले की रंगीत काचेची खिडकी. आणि शिवण अशी की उलटं कुठलं, सुलटं कुठलं कळू नये." पण रुमाल होते काचेमागे. मागची बाजू बघता येईना, तिथेच त्यांचं बिनसलं होतं. खाली पाटी होती. ती रियाने वाचली, "मेकर अननोन, आज्जी."

"अननोन म्हणजे?"

"म्हणजे, नोबडी नोज."

"कुणाला अननोन? सासूला माहीत नव्हतं? शेजारणीला माहीत नव्हतं? ज्याचं जेवण झाकलं त्याला माहीत नव्हतं?"

हे तिथे, त्या शांत खोलीत, मोठ्या आवाजात मराठीतून. गार्ड आला. रिया कानापर्यंत लाल. "आज्जी, प्लीज, एव्हरीबडी इज लुकिंग."

"बघू दे. पलीकडच्या खोलीत चित्रं काढणाऱ्या पुरुषांची नावं आहेत ओळीने. बायांच्या खोलीतच बरं कुणाला काही ठाऊक नाही."

त्या दिवसापासून 'मावशींनी कोरियात केलेलं भांडण' हा आमच्या बिल्डिंगचा किस्सा झाला. नवीन माणूस आला की त्याला तो ऐकवायचा. मीही ऐकवला, रियाच्या आवाजासकट, नक्कल करून. मावशींचं म्हणणं खरं आहे का, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

उरलेली गोष्ट त्यांनी पार्टीत सांगितलीच नाही. ती मला एकटीला लाँड्री रूममध्ये सांगितली. सोलच्या कापडबाजारात, मजल्यांवर मजले असलेल्या त्या इमारतीत, एका कोपऱ्यातल्या गाळ्यात एक म्हातारी तसेच रुमाल शिवत बसली होती. मावशींनी चपला काढल्या आणि सरळ तिच्या शेजारी जाऊन बसल्या. खाली विजेची गरम चटई होती. भाषेचा पत्ता नाही. मावशींनी रुमाल उलटा केला. म्हातारीने मावशींच्या खांद्यावरची, घरी शिवलेली पिशवी उलटी केली. दोघींनी माना हलवल्या. दुपार तिथेच गेली. निघताना म्हातारीने उरलेल्या तुकड्यांची गुंडाळी दोन्ही हातांनी पुढे केली. मावशींनी ती घेतली आणि खुणेने कागद मागितला. नाव लिहून घेतलं.

"मी तिला सोडते होय नाव घेतल्याशिवाय?"

पुढच्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मावशींनी त्या तुकड्यांची आणि स्वतःच्या साड्यांची मिळून एक गोधडी शिवली. मागच्या बाजूला कोपऱ्यात लाल दोऱ्याने कोरियन अक्षरं काढली. कागद समोर ठेवून, चित्र काढावं तशी. "वाचता येत नाही मला, पण तिने लिहिलंय तस्संच आहे. एक रेघ इकडची तिकडे नाही."

"आणि तुमचं नाव?" मी विचारलं.

"माझं कशाला? मी आहे ना सांगायला."

दोन हजार सातमध्ये गुडघे फारच दुखायला लागले आणि मावशी सांगलीला परत गेल्या. जाताना गोधडी माझ्या हातात दिली. "तिकडे एवढी थंडी कुठे? तू घे." पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर निखिलचा फोन आला. मावशी गेल्या होत्या.

त्याच वर्षी, पानं गळायच्या दिवसांत, आमच्या जवळच्या लायब्ररीने गावातल्या लोकांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. मी गोधडी घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी उघडली, खूप कौतुक केलं आणि फॉर्म पुढे सरकवला. वस्तू, देश, मेकर. तिसऱ्या ओळीवर माझं पेन थांबलं.

"नो प्रॉब्लेम," बाई हसून म्हणाल्या. "वी विल जस्ट पुट मेकर अननोन."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सहा वर्षं मी तिला ओळखते, असं मी त्यांना चढ्या आवाजात सांगितलं. तिने मला जेवू घातलंय, माझ्या तापात रात्रंदिवस बसलीय, ती अननोन कशी? कुणाला अननोन? लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, बघू दे.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि शांतपणे विचारलं, "सो, व्हॉट वॉज हर नेम?"

मला ते माहीत नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी बिल्डिंगमधल्या चार जणांना फोन केले. मावशी म्हणजे मावशी. निखिलची आई. रियाची आज्जी. एक जण तर म्हणाला, "अगं, ते कोरियावालं भांडण, त्याच ना?" शेवटी निखिलला लावला. तो आता दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला असतो.

"पासपोर्टवर सुनंदा होतं," तो म्हणाला. "पण ते लग्नात ठेवलेलं. माहेरचं काहीतरी वेगळं होतं. विचारायचं राहिलंच गं."

त्याच्यावर चिडायचा मला काडीचाही हक्क नव्हता. तरी चिडले. लग्नाआधी दहा गोधड्या शिवणारी ती मुलगी कोण होती, हे तिच्या पोटच्या मुलाला माहीत नाही, आणि सोलच्या म्हातारीचं नाव मात्र तिने रेघ न चुकवता जपलं.

फॉर्म तसाच ठेवून मी गोधडी घरी आणली. लाल दोरा घेतला आणि कोरियन अक्षरांच्या खाली 'सुनंदा' शिवलं. माझा टाका वाकडा आहे, मावशींनी तोंड वाकडं केलं असतं. दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत नेऊन दिली आणि बाईंना सांगून मागची बाजू पुढे करून टांगली.

'सुनंदा'च्या शेजारी चार बोटं जागा मोकळी ठेवली आहे.