चिलखत घालून पोहणारा राजपुत्र

आमचे काका वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसत आणि घरी राजपुत्र-चेटकिणींच्या, अंतराळयानांच्या कादंबऱ्या लिहीत. खिडकीवर कुणी अर्जात 'युनिट'ऐवजी 'व्होल्ट' लिहिलं की काका अर्ज परत करत. "शब्दाला अर्थ असतो," असं वर ऐकवत. हा अर्थ संध्याकाळी निघताना ते बहुधा कार्यालयातच ठेवून येत असावेत. कारण त्यांच्या पहिल्याच कादंबरीतलं यान मुक्कामी 'तीन प्रकाशवर्षं उशिरा' पोहोचलं. प्रकाशवर्ष हे अंतर असतं, काळ नव्हे, असं वाचकांनी कळवलं. काका म्हणाले, "नावातच वर्ष आहे, त्याला मी काय करू?" तेव्हापासून नातेवाइकांत ते 'प्रकाशवर्ष' झाले. ही पदवी आहे अशी त्यांची समजूत होती.

काकू पोहायला शिकवायच्या. काकांचं प्रत्येक प्रकरण आधी त्यांनाच ऐकावं लागे. लग्नच केलं होतं, सांगणार कुणाला. एके संध्याकाळी राजपुत्राने अंगावर पोलादी चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि पाठीला ढाल अशा थाटात पुराच्या नदीत उडी घेतली आणि माशासारखं पोहत पैलतीर गाठलं.

"बुडेल तो," काकू म्हणाल्या.

"अगं, राजपुत्र आहे."

"ते पाण्याला कुठे माहीत असतं?"

"चेटकीण ढगावर बसते ते चालतं का तुला?"

"चेटकीणच ती, बसणारच. पण चिलखत पोलादाचं म्हणालात ना? मंतरलेलं असेल तर तसं लिहा. नाहीतर सरळ अंगरखा लिहा."

"अंगरखा घालून कुणी लढाईला जातं का?"

"मग पोहायला तरी पाठवू नका."

दोन दिवस अबोला झाला. रविवारी मी काकू शिकवायच्या त्या तलावावर पोहायला गेले होते. शिकाऊ मंडळी घरी गेल्यावर काका आले. अंगात जुनं जाड जाकीट आणि त्यावर भंगारवाल्याकडून आणलेल्या साखळ्या गुंडाळलेल्या.

"आता बघ," ते काकूंना म्हणाले.

"निदान उथळ बाजूला उतरा."

उथळात उतरतील तर ते काका कसले. खोल बाजूला उडी मारली आणि राजपुत्र गेला तो गेलाच. वर फक्त बुडबुडे आले. काकूंनी उडी टाकली, मागोमाग मीही. ते वजन उचलेना, म्हणून काकूंनी पाण्यातच साखळ्यांचे वेढे सोडवले, तेव्हा कुठे आम्ही त्यांना काठावर आणलं.

बराच वेळ खोकून झाल्यावर काका बोलले ते असं : "नदीचं पाणी वाहतं असतं. हे साचलेलं आहे."

सुंभ जळला तरी पीळ कायम. काकू टॉवेलने त्यांचं डोकं पुसू लागल्या, पण हात इतका थरथरत होता की टॉवेल दोनदा खाली पडला. काकांनी तो हात पाहिला आणि नदीबद्दल पुढे बोलायचं राहून गेलं.

नंतर त्यांनी ते प्रकरण फाडलं. चिलखताला बंद कुठे असतात, ते एकट्याला सोडता येतात का, याची चौकशी सुरू झाली. पाठीचे बंद एकट्याने सुटत नाहीत असं कळलं, म्हणून कथेत एक नावाडीण आली. ती राजपुत्राला शिव्या घालत, कापऱ्या हातांनी एकेक बंद सोडते. काकांनी लिहिलेल्यांतलं तेवढंच प्रकरण लोकांनी पुन्हा पुन्हा वाचलं. 'राजपुत्र नदीत उतरणार तरी कधी?' अशी तक्रार काहींनी केली. काकांनी तिची दखल घेतली नाही. तक्रारींची त्यांना सवय होती.

आता ते इतर लेखकांच्या पुस्तकांत 'तलवार' आणि 'खंजीर' यांची गल्लत शोधून त्यांची कीव करतात. नव्या कादंबरीत घोडे आहेत. खोगीर कुठलं आणि रिकीब कुठली, हे समजून घ्यायला ते दर आठवड्याला एका घोडेवाल्याकडे जातात. काकूंची एकच अट आहे : लांबून विचारायचं, वर बसायचं नाही.