वाफेचा निळा रंग

मार्चमध्ये जपानमधल्या वाजिमा गावात कुणाला घाम येत नाही. समुद्रावरून येणारं वारं अजून हाडांत शिरत असतं. तरी त्या सकाळी शिगेहारूचं कपाळ ओलं झालं, कारण पेनावर सोडलेली तोंडाची वाफ त्याला पुन्हा पांढरीच दिसली.

एकसष्ट वर्षांचा हा माणूस चाळीस वर्षं महागड्या पेनांवर सोन्याची नक्षी काढत होता. उरुशीच्या झाडाचा चीक बारीक कुंचल्याने लावायचा, तो अर्धवट सुकला की रेशमाच्या बोळ्याने वर सोन्याची पूड फिरवायची. घाई केली तर सोनं चिकात बुडतं, उशीर झाला तर धरतच नाही. नेमकी वेळ घड्याळ सांगत नाही. पेन तोंडाशी धरून हलकेच वाफ सोडायची. ती निळसर दिसली की वेळ झाली, पांढरी दिसली की टळली.

तीन आठवडे त्याला निळी वाफ दिसलीच नव्हती. आधी त्याने हवेला दोष दिला, मग चीक सुकवायच्या ओलसर कपाटाला, मग चीक विकणाऱ्या म्हाताऱ्याला. स्वतःला सोडून सगळ्यांना दिला. या पेनावरच्या भाताच्या लोंब्या त्याने एकदा पुसून नव्याने काढल्या होत्या. आता पुन्हा पुसल्या तर खालचा काळा थर उघडा पडणार आणि पाच महिन्यांचं काम मातीत जाणार.

खरं काय ते त्याला परवाच कळलं होतं. "ॲप्रन बदल की, किती मळलंय," असं तो बायकोला म्हणाला.

"आत्ता धुतलेलं निळं ॲप्रन आहे हे," मित्सुए म्हणाली. "डोळे तपासून घ्या एकदा."

ती थट्टेत बोलली, पण त्याला बाप आठवला. त्याचा बाप डोळ्यांच्या ऑपरेशनला गेला तेव्हा त्याला थोडं तरी दिसत होतं. परत आला तेव्हा काहीच नाही. दवाखान्याचं नाव काढलं तरी शिगेहारू उठून जाई. त्यापेक्षा गप्प बसणं बरं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. घाबरलेला माणूस स्वतःला शहाणा समजतो, तसंच हे.

मित्सुए चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. कामाच्या खोलीत ती लग्नापासून कधी शिरली नव्हती. चिकाच्या नुसत्या वासानेही तिला सूज यायची.

"तोंड का असं झालंय?"

"काही नाही."

"काही नसतं तेव्हा तुम्ही चहा थंड होऊ देत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मला निळं दिसेनासं झालंय गं."

तिने ट्रे खाली ठेवला आणि उंबरा ओलांडला.

"आत येऊ नकोस. सुजशील."

"सुजेन. दाखवा इकडे."

दोघं पेनावर ओणवी झाली. थोड्या थोड्या वेळाने तो वाफ सोडी आणि ती नाक टेकेल इतक्या जवळून बघे. "नाही. अजून ओलंच चमकतंय. नाही." तासन् तास ती तिथून हलली नाही. उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "निळं झालं. घ्या, घ्या लवकर."

त्याने बोळा फिरवला. सोनं बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्सुएचा चेहरा पुरीसारखा फुगला होता आणि दोन्ही पापण्या मिटून गेल्या होत्या. भिंतीवर हात टेकत, पाय घासत ती स्वयंपाकघराकडे निघाली. शिगेहारूने ते पाहिलं. त्याच भिंतीला धरून त्याचा बाप नऊ वर्षं चालला होता.

"सोनं धरलं ना नीट?" तिने त्याच्या बाजूला तोंड वळवून विचारलं.

"धरलं. बस तू."

त्याने फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. पलीकडून दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, कुणाला दाखवायचंय? बायकोचं नाव सांगितलं असतं तरी त्या दिवशी भागलं असतं, आणि ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"दोघं आहोत," तो म्हणाला, आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.