नव्वद सेंटिमीटरमधलं युद्ध

"मग स्लायडर सुरू कुठून होणार? १९३१ की १९३७?" माझ्या सहकाऱ्यानं, मार्टाइननं विचारलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवर माझ्याच दोन ईमेल शेजारी शेजारी उघड्या होत्या. पहिली फुजिता बाईंना. "हो, १९३१ चं बघते." दुसरी डॉ. लिनना. "हो, १९३७ चं बघते." दोघंही आमच्या नव्या कामाचे सल्लागार आणि अर्ध्या तासात आमच्या नेदरलँड्समधल्या ब्रेडाच्या ऑफिसात पोचणार होते.

आमची कंपनी संग्रहालयांसाठी टचस्क्रीनची टेबलं बनवते. एका छोट्या संग्रहालयात दुसरं महायुद्ध आशियात कसं पसरलं यावर प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातलं चीन-जपान युद्धाचं टेबल माझ्याकडे होतं. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे येऊन आठ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच लीड म्हणून माझं नाव लागलं होतं. टेबलाच्या खालच्या कडेला स्लायडर, म्हणजे बोटानं सरकवायची पट्टी. बोट पुढे नेलं की वर्षं सरकतात आणि वरचा नकाशा बदलतो. लांबी नव्वद सेंटिमीटर.

अडचण डाव्या टोकाची होती. जपानी सैन्यानं मांचुरिया घेतला १९३१ मध्ये. चीनभर उघड युद्ध पेटलं १९३७ मध्ये. कोणी इथून मोजतं, कोणी तिथून.

"तू दोघांनाही हो म्हणालीस," मार्टाइन म्हणाला.

"तसं हो नाही म्हणाले. ऐकलं, एवढंच."

"मग 'ऐकलं' असं का नाही लिहिलंस?"

पुण्यात कोणी मुंजीला बोलावलं आणि आपण "हो हो, बघते" म्हटलं, तर यजमान आपलं पान धरत नाही. इथे धरतात. "अफस्प्राक इज अफस्प्राक", ठरलं म्हणजे ठरलं, हे मार्टाइनचं आवडतं वाक्य. आणि मी तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी होते.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. एक सल्लागार जपानी, एक चिनी, विषय युद्धाचा. म्हणजे भांडण होणारच, हे मी गृहीत धरलं. तीन महिने दोघांशी वेगवेगळे कॉल केले. आज तर खुर्च्यासुद्धा टेबलाच्या दोन टोकांना मांडल्या होत्या, रुसलेल्या व्याह्यांच्या मांडाव्यात तशा.

फुजिता बाई निवृत्त शिक्षिका. डॉ. लिन इथलेच दाताचे डॉक्टर, तेही निवृत्त. दोघं येऊन बसले, मार्टाइननं कॉफी आणली आणि तोही बसला. मी एका दमात सांगून टाकलं, "चूक माझी आहे. मी तुम्हा दोघांनाही होकार दिला आणि दोन्ही होणं शक्य नाही."

डॉ. लिननी समोरच्या पाकिटावर हात ठेवला. "मग हा फोटो मी परत नेतो. १९३७ पासून सुरू होणार, म्हणून आणला होता."

त्या फोटोशिवाय टेबल म्हणजे नुसते बाण आणि रंग.

"कोणाचा फोटो?" फुजिता बाईंनी विचारलं.

डॉ. लिन थोडे घुटमळले. मग उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. फोटोत दप्तर घेतलेली नऊ वर्षांची मुलगी होती. डॉ. लिन यांची आई. जपानी सैन्य नानजिंगमध्ये शिरायच्या आठवडाभर आधी तिला बोटीत बसवून दिलं. दोन थोरले भाऊ मागे राहिले, ते त्या डिसेंबरच्या कत्तलीत गेले.

"युद्ध १९३१ ला सुरू झालं हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण पंधरा वर्षं नव्वद सेंटिमीटरमध्ये बसवली की एका वर्षाला सहा येतात. बोट झर्रकन पुढे जातं. माझी आई कोणाला दिसणारच नाही."

फुजिता बाईंनी फोटो जवळ ओढला. "आणि १९३७ पासून सुरू केलं," त्या म्हणाल्या, "तर वाटेल, दोन देशांचं अचानक वाजलं. आम्ही सहा वर्षं आधीच तिथे घुसलो होतो. ती सहा वर्षं आम्हाला माफ झालेली मला नको आहेत."

मला स्वतःची लाज वाटली. कोणाला काय हवं हे मी तीन महिने लिहून घेत होते. का हवं, हे एकदाही विचारलं नव्हतं. या दोघांत भांडण नव्हतंच.

फुजिता बाई माझ्याकडे वळल्या. "प्रत्येक वर्ष सारखंच रुंद का?"

"लिनियर स्केल आहे," मी म्हणाले. "सगळे भाग समान."

"हे कोणी ठरवलं?"

कोणीच नाही. तो कोड मी आधीच्या ट्युलिपच्या प्रदर्शनातून जसाच्या तसा उचलला होता.

मग आम्ही चौघांनी कागदावर पट्टी काढली आणि वाटणी केली. पहिली सहा वर्षं, प्रत्येकी चार सेंटिमीटर. शेवटची आठ, प्रत्येकी पाच. उरलेले सव्वीस एकट्या १९३७ ला. शिवाय त्या डिसेंबरमध्ये बोट कितीही पळवलं तरी पट्टी सावकाशच सरकेल.

"लोक याला बग म्हणतील," मार्टाइन म्हणाला.

"म्हणू देत," डॉ. लिन म्हणाले. फोटो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

उद्घाटनानंतर चौथ्याच दिवशी संग्रहालयातून फोन आला. "तुमचा स्लायडर १९३७ ला अडकतो. मी 'नादुरुस्त' अशी पाटी लावली आहे." सायकल काढली, तडक गेले. पोचले तर पाटी गायब. डॉ. लिन तिची चौपदरी घडी खिशात घालत होते. समोर एक आजोबा फोटोवर वाकले होते आणि डॉ. लिन त्यांना सांगत होते, "बिघडलेलं नाही. तिथे वेळ लागतो, एवढंच."

मी काहीच दुरुस्त न करता परत आले. त्या दिवशी सायकल चालवताना फार बरं वाटलं.

हल्ली मीही 'हो' म्हणण्याआधी जरा थांबते आणि 'का' विचारते. ऑनलाइन मीटिंगमध्ये मार्टाइनला वाटतं, माझा व्हिडिओ अडकला.