ज्याचं सगळं सापडलं

कुर्ना गावात बदरियाला कुणी बदरिया म्हणत नाही. गिरणीत, बाजारात, सगळीकडे ती ‘रजबची आई’. रजब एकोणीस वर्षांचा असताना इटलीला जाणाऱ्या बोटीत बसला. ती बोट पोचलीच नाही. त्याला सहा वर्षं झाली, तरी लोकांची हाक बदलली नाही. कुणी बदलली असती, तर हिने गाव डोक्यावर घेतलं असतं.

तिचा नवरा हसनैन डोंगरातल्या एका प्राचीन कबरीचा राखणदार. कबर तीन हजार वर्षांपूर्वीच्या तूत या फेअरो राजाच्या सरदाराची, पण भिंतीवर खुद्द राजा रंगवलेला. आत दिवा नाही. हसनैन दाराशी आरसा धरून ऊन आत फेकतो आणि आतले पाहुणे आ वासून राजाला बघतात.

घरी मात्र त्याचं एकच टुमणं.

‘‘अगं, इमामसाहेब म्हणतात, देह मिळाला नाही तरी मयताची नमाज होते. पढून घेऊ. पोराला दुवा तरी पोचेल.’’

‘‘जिवंत पोराची नमाज? जीभ झडेल तुमची!’’

ईदच्या सकाळी गावच्या बायका गोड पाव भाजून कबरस्तानात नेतात, गेलेल्यांच्या नावाने वाटतात. बदरियाची भट्टी त्या दिवशी थंड असते. गोड पाव भाजला, की पोर मेलं असं कबूल केल्यासारखंच.

एका दुपारी ती हसनैनचं जेवण घेऊन डोंगरावर गेली. पाहुणे नव्हते.

‘‘सातासमुद्रापलीकडून लोक येतात तुमच्या राजाला बघायला. मला कधी दाखवलात?’’

‘‘तो कुठे पळून जातोय? जा आत.’’

आत उजेड भिंतीवरून सरकत राजाच्या तोंडावर थांबला. कोवळं तोंड.

‘‘किती वर्षांचा होता हो?’’ तिने आतून ओरडून विचारलं.

‘‘गेला तेव्हा एकोणीसचा असेल, असं म्हणतात.’’

‘‘त्याच्या स्वतःच्या कबरीत चपलाही सापडल्या ना?’’

‘‘चपला, काठ्या, लहानपणीची खुर्ची. सगळं सापडलं.’’

बदरियाला त्या राजाच्या आईचा भयंकर हेवा वाटला. समुद्राने रजबची एक वहाणही परत दिली नव्हती. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. ऊन हललं की बाहेर हसनैन आरसा थोडा वळवी. मग तिच्या मनात आलं, एवढं सगळं सापडलं, सगळं जग दाराशी लोटलं, तरी हा काही उठून आईकडे गेला नाही. तिला तिथेच रडू फुटलं.

डोळे पुसून ती बाहेर आली आणि हसनैनशेजारी बसली. त्याच्यापुढे पावाचं फडकं सोडलं.

‘‘इमामसाहेबांना सांगून ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘शुक्रवारी नमाज करू. गोड पाव मी भाजते.’’

सहा वर्षं हसनैन हेच मागत होता. त्याने पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घालता येईना.

‘‘अगं, एवढी काय घाई आहे?’’ तो म्हणाला. ‘‘अजून एक वर्ष बघू या की.’’