दारूबंदीवालीची लेक वाइनरीत

वडनेरच्या फाट्यावर नागपूरची बस आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "द्राक्षाचंच काम हाय ना? मंग जाजो." द्राक्षांचं पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला आठवत असेल. बाबा मोहाच्या दारूनं गेले, आणि आई बायकांना घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्या फोडू लागली. सकाळी हिंगणघाटला भाजी विकायची, संध्याकाळी हातात काठी. अख्खा जिल्हा कागदावर कोरडा, पण पाजणारे दारापर्यंत पोचलेले. त्याच बाईची लेक मी, पोर्तुगालातल्या चार पिढ्यांच्या एका वाइनरीत रेड वाइन करते. आणि काम मला मनापासून आवडतं, काय करू?

त्या घराण्याचं नाव या एका रेड वाइनवर आहे. तिचं ब्लेंड, म्हणजे कुठल्या पिंपातली वाइन किती मिसळायची ते, ठरवताना आम्ही दिवसभर चाखतो. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. गिळला तर चवीचा अंदाज चुकतो. यंदा म्हाताऱ्या मालकीणबाईंनी ब्लेंड माझ्यावर सोपवलं. घरच्यांखेरीज कुणाला ते मिळालं नव्हतं. आनंदाच्या भरात मी आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं समजावलं.

"थुकाचंच हाय त बनवता काऊन?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "तुह्या दादाची दारू सुटत नाई. तुले त सोडता येते. वापस ये."

दिवाळीला गेले. नोकरी सोडणार नाही, हे तिला समोर बसून सांगायचं होतं. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या कामाचं साहित्य पाटावर मांडतात. भाजीचा तराजू होता, विळा होता. त्यांच्या शेजारी मी माझा चाखायचा रिकामा ग्लास ठेवला. आई हळदीकुंकू वाहत आली, ग्लासापाशी थांबली. तिनं तो उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. मला फार लागलं ते.

तेवढ्यात दादा झिंगत आला. आईनं त्याचे पाय धुतले, हाताला धरून त्याला पाटासमोर बसवलं, कुंकू लावलं. मी सांगायला आलेलं तोंडातच राहिलं.

परत आले ती कामावरच. मी आजवर एक घोट गिळलेला नाही. तरी त्या घरात पिणाऱ्याला जागा आहे, माझ्या कामाला नाही. आणि इथं कुणी घर कुठलं विचारलं, की मी अजून वडनेरच सांगते.