पोल्काचा अंतरा

रिटायर झाल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. ॲन आर्बरमध्ये माझी बस चुकली आणि बाहेर थंडीत उभं राहवेना, म्हणून मी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरले. आत सहा-सात माणसं खुर्च्या गोल मांडून वाजवत बसली होती. दोन व्हायोलिनं, एक बासरी, एक बँजो, आणि मध्ये ऐंशीच्या घरातल्या एक बाई, मांडीवर बटणांचं ॲकॉर्डियन घेऊन. कुणापुढेही नोटेशनचा कागद नव्हता. एक धून संपते न संपते तोच त्या दुसरी उचलायच्या आणि बाकीचे मागोमाग निघायचे. पुढची बसही मी जाऊ दिली.

माझी बोटं कोटाच्या बाहीवर चालत होती, ते त्यांनी पाहिलं असावं. थांबल्यावर विचारलं, "तू काय वाजवतेस?"

"लहानपणी व्हायोलिन शिकले होते, भारतात. पण आमचं संगीत वेगळं."

"कानाने शिकलीस की कागदावरून?"

"कानाने."

"मग फार वेगळं नसणार. पुढच्या रविवारी घेऊन ये."

व्हायोलिन कपाटात होतं. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी आणि मुलीचं शिक्षण यांत वर्षानुवर्षं त्याला हात लागला नव्हता. तारा बदलल्या, गजाला राळ लावली आणि रविवारी गेले. खुर्चीवर बसून मला वाजवता येईना. शेवटी खिडकीपाशी एक बुटकं स्टेज होतं, त्यावर मांडी घातली आणि नागपूरला बसायचे तशी व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून बसले. सगळे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "बैठक तुझी, चाल आमची. चला."

ही चाल म्हणजे पोल्का. आयर्लंडच्या केरी भागातल्या या नाचाच्या धुना, दोन-दोन मात्रांच्या, भरभर जाणाऱ्या. ऐकायला अगदी सोप्या. वाजवायला घेतल्या आणि माझी भंबेरी उडाली. माझा हात मींड घ्यायला सोकावलेला, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा. बाई मान हलवायच्या. "घसरू नकोस, पाऊल टाक. यावर माणसं नाचतात. त्यांचे पाय उचलले गेले पाहिजेत."

घरी मी प्रत्येक धून सरगममध्ये बसवून पाठ करायचे. भाजी चिरताना गुणगुणायचे, पोळ्या लाटताना गुणगुणायचे. प्रत्येक पोल्काचे दोन भाग असतात, मी त्यांना अस्ताई आणि अंतरा म्हणायचे. नवरा कंटाळून म्हणाला, "अगं, आता मलाही अंतरा यायला लागला." मग मी त्याला स्वयंपाकघरात नाचायलाच लावलं. त्याचा पाय जिथे अडखळायचा, तिथे माझा गज चुकलेला असायचा.

वर्षभराने बाईंनी मला घरी बोलावलं आणि एक धून दिली. तिला नाव नव्हतं. त्यांचे वडील केरीहून डेट्रॉइटला आले, मोटारीच्या कारखान्यात लागले. कामावरून आल्यावर हात धुताना ते ही धून तोंडाने शिट्टी मारून वाजवायचे. अंतऱ्यात एका जागी, आपल्याला शुद्ध निषाद येईल असं वाटत असताना कोमल यायचा आणि सगळी धून क्षणभर वाकडी होऊन पुन्हा सरळ व्हायची. आमच्या गटात बाकीच्यांना अस्ताई यायची, अंतऱ्याला मात्र सगळे बाईंच्या भरवशावर असायचे. माझ्याकडून त्यांनी तो दुपारभर घोटून घेतला.

पुढच्या शरद ऋतूत बाईंना स्ट्रोक आला. आधी हॉस्पिटल, मग रिहॅब. कॉफीच्या दुकानात परत आल्या तेव्हा पाय ओढत होत्या, पण ॲकॉर्डियन बरोबर होतं. आम्ही सगळे उभे राहिलो. त्या बसल्या आणि वडिलांची धून सुरू केली. अस्ताई झाली, पुन्हा झाली. अंतऱ्याशी आल्या आणि हात थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच थांबल्या.

"पुढचं गेलं," त्या म्हणाल्या. "बाबांचं गेलं माझ्याकडून."

मी गज उचलला आणि अंतरा वाजवला, सावकाश. कोमल निषाद आला तशी त्यांनी झटकन मान वर केली.

"पुन्हा."

मी पुन्हा वाजवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मास्तरणीचा. "अजून हळू. मी काय वीस वर्षांची आहे?"

मग दर बुधवारी मी त्यांच्या घरी जायला लागले. मी एक तुकडा वाजवायचा, त्यांनी बटणांवर शोधायचा. कधी आज बसलेलं पुढच्या बुधवारी पार पुसलेलं असायचं. त्या चिडायच्या. मग मी चहा करायचे, आलं घालून, आणि पुन्हा बसायचो. एकदा मी वाजवत असताना त्यांनी एकदम हात वर केला. "चुकतेस. बाबा इथे श्वास घ्यायचे." त्यांनी शिट्टी मारून दाखवलं. खरंच, मी दोन स्वर जोडून टाकले होते. अंतरा परत यायला लागला होता, आणि माझ्यापेक्षा नीट.

वसंतात चर्चच्या हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम झाला. बाई मध्ये, मी शेजारी खाली सतरंजीवर. त्यांनी ती धून काढली, अंतऱ्यात शिरल्या, आणि थांबल्या नाहीत. फळ्यांच्या जमिनीवर पन्नासेक माणसांचे पाय एकदम पडत आणि उठत होते. माझा नवराही त्यांत होता, घामाघूम.

नंतर शिकागोहून आलेले एक बासरीवादक आमच्यापाशी आले. "ही पोल्का मी कधीच ऐकली नव्हती. कुणाकडून मिळाली?"

"धून माझ्या वडिलांची," बाई म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "मी शिकले हिच्याकडून."

ती शिकवाल का म्हणून त्या बासरीवादकांनी मला विचारलं. हॉल रिकामा होईपर्यंत मी त्यांना तुकड्या-तुकड्याने दिली. कोमल निषाद सांगितला, श्वासाची जागाही सांगितली. ते घसरले तेव्हा मी म्हटलं, "पाऊल टाका." बाई शेजारच्या खुर्चीवरून ऐकत होत्या. एकदाही मधे बोलल्या नाहीत.

घरी जाताना जर्सी सिटीहून मुलीचा फोन आला. तिच्या बाबांनी तिला बाईंच्या त्या वाक्याचा व्हिडिओ पाठवला होता. "आई, दॅट्स सो कूल! शी सेड दॅट? इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?"

"हो, सगळ्यांसमोर," मी म्हणाले.

नवरा ड्राइव्ह करता करता हसला. "छाती काय फुगली आहे बघ हिची."

फुगली होतीच. मी लेकीला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.