उपासाला चहा चालतो

“बिल्ला काढून ठेव,” सर म्हणाले. “आज तू वस्तीतली म्हणून बस. पाहुण्यांना खरं वाटेल.”

जीप कसबा बावड्यात, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी बिल्ला काढला. पर्समध्ये टाकला. त्यावर माझं नाव होतं आणि खाली ‘समन्वयक’.

कोल्हापुरातल्या एका हॉटेलात आमच्या, म्हणजे सर चालवतात त्या संस्थेची कार्यशाळा चालू होती. नेपाळ, बांगलादेश, केनिया इथले आरोग्य कार्यक्रमांचे व्यवस्थापक आले होते. वस्तीतल्या क्षयाच्या रुग्णांना रोज गोळ्या पोचवायचं काम मी उभं केलं होतं. तेच बघायला ही मंडळी आली होती. सांगणार मात्र माझी सहकारी केतकी. शेवटच्या दिवशी व्यासपीठावरही तीच. “तू लाजतेस गं,” सर म्हणाले होते.

लाजत होते, खरं आहे. कार्यशाळेत तोवर मी मागे बसून झेरॉक्सचे गठ्ठे लावले आणि केतकीकडे बघत राहिले. शाळा माझीही इंग्रजीच. वडिलांनी साखर कारखान्यात रात्रपाळ्या करून शिकवलं. केतकीपेक्षा माझं व्याकरण पक्कं. पण ती चुकली तरी हसून पुढे जायची आणि लोक तिच्यासोबत हसायचे. मला ते हसणं हवं होतं. तिचं खुर्चीत मागे रेलून बसणं. चुकायची भीतीच नसणं. जळत होते मी.

आमच्या घरी आईनं ठेवणीतले कप काढले होते. “घ्या की पावणं, च्या घ्या.”

पाहुण्यांनी कप उचलले. केतकीनं भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे पाहिलं. मग ट्रेकडे.

“मला उपवास आहे, मावशी.”

“मग काय झालं? उपासाला च्या चालतोय की!”

दारातल्या बायका खो खो हसल्या. केतकीही हसली. कप मात्र लांब सरकवला. मग पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, “फार प्रेमळ असतात हे लोक. पण जरा जपून प्या. पाणी उकळायचं आम्ही अजून शिकवतोय त्यांना.”

केनियाच्या बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

आईला शब्द कळले नाहीत. ती कौतुकानं मान डोलावत राहिली. मला कळले. मला कळतात, हे केतकीला ठाऊक होतं. मी बोलणार नाही, हेही ठाऊक होतं.

मी पर्समधून बिल्ला काढला. लावला. पिन बोटात घुसली.

इंग्रजीतच बोलले. “मी या कामाची समन्वयक. ही माझी आई. न उकळता चहा होत नाही. आणि केतकीला उपवास नाही. सकाळी आम्ही एकाच टेबलावर आम्लेट खाल्लं.”

बाईंनी चहा प्यायला की नाही, मी पाहिलं नाही. मी केतकीकडे पाहत होते. तिला हसता येत नव्हतं.

जीपमध्ये सर म्हणाले, “पाहुण्यांसमोर सांभाळून घ्यायचं असतं गं.”

माझ्या तोंडून आईचीच बोली आली. “व्यासपीठावर मी बोलणार. न्हायतर ह्या गल्लीत तुमची जीप याची न्हाय.”

केतकीचा हेवा मला आजही वाटतो. तो मी सोडणार नाही. तिला जे जन्मानं मिळालं, ते मला हवंय. मागून नकोय. आणि माझं घर दाखवायचंच झालं, तर ते मी दाखवीन. बिल्ला लावून.